एका घराची तीन आडनावं

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. अख्ख्या इटलीत त्याची मोजकीच घरं आहेत आणि त्यातली बहुतेक एकाच शहरात. लिहिलं की पत्ता दिल्यासारखंच. शेवटी 'नी' आहे आणि कानाला थेट फ्लोरेन्सकडचं वाटतं, एवढं सांगते.

मी इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्ते या बंदराच्या शहरात राहते. नवरा इथल्या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात आहे. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र, त्यामुळे गावात अधूनमधून मराठी कानावर पडतं. मी स्वतः लोकांच्या वंशावळी शोधून देणाऱ्या एका छोट्या कचेरीत काम करते. कचेरी म्हणजे आमच्या बाई, मी आणि एक कुरकुरणारा स्कॅनर. ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, ब्राझीलमधून पत्रं येतात : आजोबांचा जन्मदाखला काढून द्या, मूळ गाव शोधून द्या. काहींना नागरिकत्वासाठी कागद हवे असतात, काहींना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. दुसऱ्या प्रकारचे लोक दहापट प्रश्न विचारतात आणि पैसे देताना घासाघीस करतात. तरी मला तेच आवडतात.

मेलबर्नच्या त्या बाई दुसऱ्या प्रकारातल्या. निवृत्त शिक्षिका. वडील १९२७ मध्ये त्रिएस्तेत जन्मले आणि १९५५ मध्ये बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले. तेव्हा असे हजारो लोक गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे शहर दोस्तांच्या लष्करी प्रशासनाखाली होतं. ऑक्टोबर १९५४ मध्ये ते इटलीकडे परत आलं, पण हाताला काम नव्हतं. वडील सांगायचे, आपण मूळचे तोस्कानाचे, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतातले. मुलगी दोनदा तोस्काना पालथं घालून आली. चर्चमध्ये विचारलं, स्मशानात फिरली, आडनावाचा माणूस काही भेटला नाही. 'आमचं गाव कोणतं, तेवढं सांगा,' असं तिचं म्हणणं.

अशा कामात मी आधी नकाशा काढते. टेलिफोन डिरेक्टरीवरून आडनावांचे नकाशे बनवलेले आहेत, कुठल्या नगरपालिकेत किती घरं ते दिसतं. फोन नसलेला माणूस त्यात नाही हे खरं, पण आकार कळतो. जुनं, मातीतलं आडनाव असेल तर एखाद्या खोऱ्यात दाट ठिपके, आजूबाजूला विरळ, मग मिलान, तोरिनो, रोम अशा पोटासाठी जायच्या शहरांत थोडे. आपल्याकडे 'कर' लावलेल्या आडनावाचं गाव आडनावातच असतं. इथे ते असं ठिपक्यांतून काढावं लागतं.

या आडनावाला खोरंच नव्हतं. सगळे ठिपके त्रिएस्तेत, एक जेनोव्हात. तोस्काना कोरं. भोवतालच्या खेड्यांतही काही नाही.

असा नकाशा दिसला की पहिला संशय अनाथालयाचा. टाकून दिलेल्या मुलांना आडनाव संस्था द्यायची. नापोलीत 'एस्पोझितो', फ्लोरेन्सला 'इन्नोचेन्ती', मिलानला 'कोलोम्बो', कारण तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर. ही आडनावं पुढे इतकी वाढली की आज ती दुर्मीळ राहिली नाहीत. पण एकोणिसाव्या शतकात अनेक ठिकाणी ठरलं की सगळ्या मुलांना एकच आडनाव म्हणजे कपाळावर शिक्का. मग कारकून प्रत्येक मुलाला वेगळं, मनानेच बनवलेलं आडनाव देऊ लागले. त्यातून एकेका घराची आडनावं जन्माला आली. माझा अंदाज तोच होता. आमच्या बाईंनी नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, त्रिएस्ते आहे हे. आधी दाखल्याची पूर्ण नक्कल येऊ दे."

पूर्ण नक्कल हा आमच्या धंद्याचा कणा. नगरपालिका साधा उतारा देते त्यात नाव, तारीख, आईबाप, संपलं. पूर्ण नकलेत मूळ पानाची प्रत मिळते, समासातल्या नोंदींसकट. लग्न, मृत्यू, दुरुस्ती, सगळं समासात. आणखी एक अडचण अशी, की इथलं सरकारी जन्म-मृत्यू रजिस्टर १९२४ पासूनचं. पहिल्या महायुद्धापर्यंत शहर ऑस्ट्रियाचं होतं, आणि १९२४ च्या आधीच्या नोंदी धर्मगुरूंकडे. म्हणजे १९२७ चा माणूस नगरपालिकेत, त्याचा बाप चर्चच्या वहीत.

नक्कल एका गुरुवारी आली. बाहेर बोरा, म्हणजे इथला सोसाट्याचा थंड वारा, सुटला होता, खिडक्या दणदण वाजत होत्या. पान उघडलं तर मजकुरात मुलाचं आडनाव वेगळंच! सुरुवातीची अक्षरं साधारण तीच, पण शेवटी 'इच'. समासात वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने चार ओळी : प्रीफेक्टच्या (म्हणजे प्रांतातल्या सरकारी प्रमुखाच्या) अमुक तारखेच्या हुकमान्वये आडनाव इटालियन रूपात 'परत' देण्यात आले आहे. वर्ष १९२९. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा.

आमच्या बाईंना आश्चर्य वाटलं नाही. इथल्या जुन्या घरांतून हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणी बोलत नाही. त्रिएस्ते १३८२ पासून हाब्सबुर्गांकडे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे होतं. बंदर भरभराटलं तसे इटालियन, स्लोव्हेन, क्रोएट, जर्मन, ग्रीक, सर्ब, ज्यू सगळे इथे येऊन राहिले. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीला मिळालं. १३ जुलै १९२० ला स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन 'नारोदनी दोम' जाळलं गेलं. पुढे फॅसिस्ट राजवटीत त्यांच्या शाळा बंद झाल्या. मग पाळी आडनावांची आली. १० जानेवारी १९२६ चा कायदा मुळात त्रेंतो प्रांतासाठी होता, ७ एप्रिल १९२७ ला तो इकडे लागू झाला. त्यात दोन वाटा होत्या. जे आडनाव मुळात इटालियन किंवा लॅटिन असून नंतर 'बिघडलं' असं सरकारला वाटेल, ते प्रीफेक्ट स्वतःच बदलणार. तुम्हाला विचारायचं कारण नाही, आणि पुन्हा जुनं वापरलंत तर पाचशे ते पाच हजार लिरा दंड. जे आडनाव उघडउघड परकं, त्याच्या मालकाने अर्ज करायचा, मग तेही बदलून मिळणार. त्रिएस्तेच्या प्रीफेक्ट कचेरीत आल्दो पित्सागाल्ली नावाचा अधिकारी हे खातं सांभाळत होता. त्याने या कामगिरीवर १९२९ मध्ये पुस्तकसुद्धा काढलं.

कुणाचं फक्त शेपूट कापलं, कुणाचा सरळ अनुवाद केला. 'व्होदोपिव्हेत्स' म्हणजे पाणी पिणारा, त्याचं 'बेव्हिलाक्वा' झालं. फुटबॉलवाल्यांना नेरेओ रोक्को आठवेल, ज्यांच्या हाताखाली मिलानने १९६३ आणि १९६९ ला युरोपियन कप जिंकला. ते त्रिएस्तेचे, आणि त्यांचं घराणं 'रोक'. इथलं स्टेडियम आज 'रोक्को' या नावाने आहे.

आपल्याकडे नाव बदललं की गॅझेट करून घेतात, तसं हे सगळं इटलीच्या गॅझेटमध्ये छापलेलं आहे. १८६० ते १९४६ चे अंक इंटरनेटवर चढवलेले आहेत. दुपारभर मी ते चाळत बसले. छपाई बारीक, स्कॅन पुसट, आणि पानामागून पानं तोच मजकूर : श्री. अमुक, दिवंगत अमुक यांचा मुलगा, जन्म अमुक, याचे आडनाव तमुक. खाली कुटुंब : बायको, तिचं माहेरचं आडनाव, मग मुलं वयाच्या क्रमाने. तान्ह्या मुलांसकट. आमचे दोन वर्षांचे वडील तिथे आपल्या आईच्या खाली, बहिणीच्या पाठोपाठ सापडले. नवं आडनाव अवतरणचिन्हांत. म्हणजे ज्या तोस्कानी आडनावाचं मूळ गाव मुलगी शोधत होती, त्याचं मूळ गाव प्रीफेक्टचं टेबल!

इथेच काम संपलं असतं. पण मला एक खोड आहे, सापडलेल्या माणसाच्या बापाचं नावही शोधात टाकून बघायची. टाकलं. काही वर्षांनंतरच्या एका अंकात तेच जुनं आडनाव, तोच दिवंगत बाप, तीच आई, पण माणूस दुसरा. मेलबर्नच्या बाईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ. मात्र इथला मजकूर वेगळा. 'अर्ज पाहून' असं लिहिलेलं, म्हणजे ही दुसरी वाट. आणि त्याला मिळालेलं आडनाव भावापेक्षा अगदी निराळं, इटलीत पैशाला पासरी मिळणारं. सख्खे भाऊ, दोन आडनावं, आणि दोन्ही त्यांच्या बापाची नव्हेत.

दुसऱ्या दिवशी सेर्व्होलाला गेले. आता शहराचाच भाग, पण पूर्वी स्लोव्हेन लोकांचं वेगळं गाव, श्केदेन. इथल्या बायका घरी पाव भाजून डोक्यावरून शहरात विकायला न्यायच्या. सान लोरेन्झो चर्चच्या कचेरीत म्हातारे धर्मगुरू भेटले. त्यांनी वही उघडून दिली आणि समोरच बसून राहिले, राखण केल्यासारखे. दोन्ही भाऊ सापडले. आडनाव एकदा जर्मन वळणाने 'इत्श', एकदा इटालियन 'इच' आणि एका नोंदीत डोक्यावर टोपीवाला स्लोव्हेन 'च'. लिहिणारा बदलला की स्पेलिंग बदलायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आई पाववाली. बाप कार्सोच्या पठारावरून खाली आलेला, गावाचं नाव स्पष्ट. हेच ते 'मूळ गाव', चर्चपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तोस्काना राहिलं बाजूला.

धाकट्याचा धंदा मी मोठ्याने वाचला : रेल्वेत. धर्मगुरू पहिल्यांदाच बोलले, "मग अर्ज केला असणारच. नोकरी टिकवायची तर करावा लागायचा."

हे मला महत्त्वाचं वाटतं. गॅझेटमध्ये 'अर्ज पाहून' वाचलं की चटकन मनात येतं, याने तर स्वतःच मागून घेतलं. शिक्षक, टपालवाले, रेल्वेवाले यांच्यावर वरून काय दडपण असायचं ते कागदावर उतरत नाही. मी स्वतः लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नवं नाव हसत हसत घेतलं, सगळे टाळ्या वाजवत होते. पासपोर्टवर आज तेच आहे. राजीखुशीने घेतलं का? हो म्हणेन, पण कुणी खरंच विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते सांगता येत नाही. (इटलीत बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवतात. म्हणून तर माझ्यासारखीला पणज्या-खापरपणज्या सापडतात.)

धर्मगुरूंनीच पुढचं सांगितलं. धाकट्याचा नातू वर पठारावर, बापजाद्यांच्या गावी परतलाय आणि 'ओस्मित्सा' चालवतो. शेतकऱ्याने आपल्या घरात वर्षातले काही ठरावीक दिवस स्वतःची वाइन, हॅम, अंडी विकायची, ही इथली रीत. १७८४ च्या बादशाही हुकमात आठ दिवसांची परवानगी होती म्हणतात, आणि स्लोव्हेनमध्ये आठ म्हणजे 'ओसेम'. चालू आहे हे कळावं म्हणून रस्त्यावर आयव्हीची डहाळी टांगतात.

शनिवारी नवऱ्याला घेऊन वर गेले. वळणावर डहाळी, तिच्याखाली लाल बाण, आणि दाराशी लाकडी पाटी. पाटीवर त्या वहीतलंच आडनाव, 'च'वर टोपी घालून. १९९१ मध्ये कायदा आला, फॅसिस्ट काळात बदललेलं आडनाव ज्याला हवं त्याला परत घेता येईल. याच्या बापाने ते घेतलं होतं. तेव्हा एका पाववालीच्या पोटची दोन मुलं, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत तीन आडनावं : एक सरकारने दिलेलं, एक मागून घेतलेलं, एक परत मिळवलेलं. मधलं आता कोणीच लावत नाही.

मी ओळख करून दिली. माणूस हात पुसत आला, गॅझेटच्या दोन्ही प्रती बघितल्या. मोठ्या भावाच्या यादीवर बोट ठेवून म्हणाला, "यांचं भांडण झालं होतं एवढं ऐकून होतो. आमच्याकडे सांगायचे, ते ऑस्ट्रेलियाला जाऊन मोठे इटालियन झाले." आवाजात जरा खवचटपणा होता. मग आत गेला आणि न मागता अंड्यांची दुसरी बशी आणून ठेवली.

मेलबर्नच्या बाईंना मी सगळं व्हिडिओवर सांगितलं. रडतील अशी तयारी ठेवली होती. त्या चिडल्या. सरकारवर नाही, वडिलांवर. "दोनदा तोस्कानाला जाऊन आले मी. तिकिटाचे पैसे कोण देणार?" मग थोडं थांबून म्हणाल्या, बाबा पत्ते पिसताना पुटपुटत मोजायचे. एना, द्वा, त्रि. मला वाटायचं त्रिएस्तेची बोली असेल. मी म्हटलं, स्लोव्हेन आहे. वडिलांना स्वतःचं जुनं आडनाव माहीत होतं का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. दोन वर्षांच्या मुलाला काय आठवणार. पण घरात आजी होती, आणि तिला दंडाची भीती किती होती ते कागदात नाही. जे कागदात नाही ते मी सांगत नाही.

चुलत भावाचा पत्ता त्याच्या संमतीने पाठवला. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झालाय, इंग्रजीत. बिल मात्र बाईंनी दहा टक्के कापूनच भरलं.

आता त्यांचं नवं काम आलंय : आईकडचं घराणं. तेही त्रिएस्तेचंच, आणि ते आडनाव आजही 'इच'नेच संपतं. इतकं सगळं बदलत असताना ते कसं सुटलं, असा त्यांचा प्रश्न. सुटलेली पुष्कळ आहेत. जहाजवाल्या कोसुलिचांचं आडनावही तसंच राहिलं. पण प्रत्येक घराचं कारण वेगळं, कुठे वजन, कुठे नशीब, कुठे फाइल तशीच पडून राहिलेली. सोमवारी नगरपालिकेत पूर्ण नकलेचा अर्ज टाकला आहे.