एडमंटनमधील घर आणि भिंतींच्या इन्सुलेशनची निवड: माझा अनुभव

कॅनडातील एडमंटनमध्ये प्लॉट घेऊन घर बांधायचे ठरले, तेव्हा ओटा, फरशी आणि खिडक्यांवर बिल्डरशी भरपूर चर्चा झाली. भिंतीच्या आत काय भरायचे हा विषय मात्र त्याच्या कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेला होता: ‘दोन बाय सहाचे स्टड, आर-22 फायबरग्लास.’ स्टड म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातले उभे लाकूड (नावाला सहा इंच, प्रत्यक्षात साडेपाच इंच खोल), आणि ‘आर’ म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप. जिथे जानेवारीत पारा उणे 30 अंशांच्या खाली जाऊ शकतो, तिथे ही ओळ तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

आर-22 हा आकडा पाकिटावरचा असतो, भिंतीचा नव्हे. भिंतीचा जवळजवळ पाव भाग स्टड, आडव्या पट्ट्या आणि खिडक्यांभोवतीच्या लाकडाने व्यापलेला असतो, आणि साडेपाच इंच लाकडाचा उष्णतारोध जेमतेम आर-7 भरतो. त्यामुळे कॅनडाची राष्ट्रीय इमारत संहिता लाकडासकट भिंतीचे परिणामी मूल्य मागते. आमच्या हवामान विभागात उष्णता वाचवणारे वायुवीजन यंत्र बसवलेले असल्यास ते 2.97 आरएसआय (याच मापाचे मेट्रिक रूप), म्हणजे साधारण आर-17 असावे लागते. बिल्डरची भिंत त्याच्या किंचित खालीच राहत होती.

वाईचे आमचे घर दोन फुटी काळ्या दगडाचे आहे आणि भर मे महिन्यातही आत गारवा असतो. मग साडेपाच इंचांत काय होणार, ही वडिलांची शंका स्वाभाविक होती. दगड दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडतो, म्हणून तिथे तो उपयोगी पडतो. पण महिनोन्‌महिने बाहेर सलग गोठलेले असताना या साठवणीचा फारसा लाभ नसतो, आणि निव्वळ रोध पाहिला तर दोन फूट बेसॉल्ट आर-2 च्या आसपासच थांबतो. गंमत अशी, की आम्ही अखेर निवडलेली खनिज लोकर बेसॉल्टच वितळवून, जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’सारखे त्याचे तंतू काढून तयार होते. रोध असतो तो तंतूंमध्ये अडकलेल्या हवेचा.

फवारणीचा बंद-पेशी फोम इंचामागे सुमारे आर-6 देतो, पण तो स्टडच्या मधल्या जागेतच बसत असल्यामुळे लाकडातून होणारी उष्णतेची गळती तशीच राहते, आणि दर ऐकून आम्ही तो विचार सोडला. जुन्या वर्तमानपत्रांचा सेल्युलोज मला मनापासून आवडला होता. तो दाबून भरणारा अनुभवी कारागीर आमच्या वेळापत्रकात मिळाला नाही.

खरा पेच बाष्पाचा होता. खोलीत 21 अंश तापमान आणि 30 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, 3 अंशांच्या जवळपास येतो; आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या रोजच्याच, त्यामुळे आर्द्रता अनेकदा याहून अधिक. ही हवा फटीतून भिंतीत शिरली, तर तिच्यातले बाष्प बाहेरच्या लाकडी फळीवर गोठते आणि वसंतात वितळून फळी कुजवते. स्टडमध्ये आर-24 आणि फळीच्या बाहेरून इन्सुलेशनचा दोन इंचांचा सलग थर, म्हणजे आर-8, असा हिशेब मांडला, तेव्हा बाहेर उणे 30 असताना फळीचे तापमान उणे 17 च्या आसपास निघाले. ते बाहेरच्या थराशिवाय असते त्याहून पुष्कळ बरे होते, पण दवबिंदूच्या बरेच खाली. म्हणजे आतून पॉलिथिनचे आवरण लागणारच. आणि ते असताना बाहेरून बाष्प अडवणारा फोम लावला, तर चुकून शिरलेल्या ओलाव्याला दोन्हीकडून वाट बंद. म्हणून बाहेर खनिज लोकरीचेच ताठ बोर्ड घेतले, कारण त्यांतून बाष्प बाहेर जाऊ शकते. बिल्डर फोमच्या बाजूने होता. तो स्वस्त पडतो हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

बोर्डांवर उभ्या पट्ट्या लांब स्क्रूंनी ठोकून त्यांवर साइडिंग (भिंतीचे बाहेरचे आवरण) बसवायचे म्हटल्यावर साइडिंगवाल्यांनी जादा मजुरी मागितली आणि खिडक्यांच्या चौकटीही खोल कराव्या लागल्या. वाढीव खर्च बोर्डांपेक्षा या कामांतच अधिक झाला.

ड्रायवॉल (आतल्या बाजूचे जिप्समचे तक्ते) लागण्यापूर्वी पंख्याने 50 पास्कल दाबावर हवेची गळती मोजणारी चाचणी करून घेण्याची अट मी करारातच घातली होती. गळती मुख्यतः मजल्यांच्या कडेच्या तुळयांपाशी आणि विजेच्या डब्यांभोवती सापडली. तिथे सीलंट भरून पुन्हा मोजणी झाली, आणि त्यानंतरच मी भिंती बंद करायला परवानगी दिली.