तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्सासला टॅक्स नाही, मग आम्हीही यावं का?

२०२४ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेला, उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं. तिथे जेवणाच्या रांगेत माझ्या ताटात आळूवडी पडायच्या आत हा प्रश्न पडला. "तुमचं बरंय बाई, टेक्सासला टॅक्सच नाही. किती वाचतात वर्षाला?" मागच्या दोन जणींनी लगेच कान टवकारले. तेव्हापासून फोनवर, गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, सगळीकडे तोच प्रश्न. न्यू जर्सीचे विचारतात, कॅलिफोर्नियाचे तर विचारतातच. दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

आम्ही २०१९ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट सोडून डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोला आलो. त्याच नोव्हेंबरात टेक्सासमध्ये मतदान होऊन राज्याच्या व्यक्तिगत आयकरावर राज्यघटनेतच बंदी आली. चारांपैकी जवळपास तिघांनी बाजूनं मत दिलं. आम्हाला मताचा अधिकार नव्हता, पण टीव्हीसमोर बसून आम्हीच निवडून आल्यासारखे खूश झालो होतो.

कोल्हापूरला आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. इथे केंद्राच्या आयकराशिवाय बहुतेक राज्यांचा आपापला आयकर असतो, टेक्सासचा नाही. आपल्याकडे आयकर दिल्लीचा. राज्याचा म्हणून पगारातून काय जातो, तर व्यवसाय कर. पुण्यात नोकरीला असताना माझे महिन्याला २०० रुपये कापले जायचे आणि फेब्रुवारीत ३००. संपला विषय. आई म्हणाली, "म्हणजे कोल्हापुरातनं निपाणीला राहायला गेलं की पगार वाढतो?" हसू आलं, पण इथे अगदी तसंच आहे. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून आमच्याकडची माणसं निपाणीच्या वाटेवर टाकी भरून येतात, तशी इथे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरची माणसं नदी ओलांडून पोर्टलंडला खरेदीला जातात, कारण ओरेगनात विक्रीकर नाही. आणि राहायला मात्र अलीकडच्या काठावर, कारण तिथे पगारावर राज्याचा कर लागत नाही. यातली मेख अशी, की नोकरीही पोर्टलंडला असेल तर ओरेगन आपला आयकर घेतंच. कर आधी काम कुठे केलंत ते बघतो, तुम्ही झोपता कुठे ते नंतर.

आता आकडे. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी १३.३ टक्के असतात. कॅलिफोर्नियाचा तो सगळ्यात वरचा दर खरा, पण तो दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लागतो. आपल्यापैकी किती जण तिथे आहेत? (असाल तर मला विचारू नका, सीए ठेवा.) नवराबायको मिळून रिटर्न भरत असाल तर ९.३ टक्क्यांचा टप्पा २०२४ मध्ये करपात्र उत्पन्न १ लाख ४१ हजारांच्या वर गेल्यावर सुरू होत होता, आणि तोही फक्त वरच्या रकमेवर. २०१८ साली आमच्या दोघांचा पगार मिळून १ लाख ६५ हजार होता. कॅलिफोर्नियाला आमचा कर गेला साधारण ८ हजार ४००. म्हणजे पगाराच्या पाच टक्क्यांच्या जरा वर. "नऊ टक्के वाचतील" असं धरून आम्ही निघालो होतो. निघण्याआधी मागच्या वर्षीचा रिटर्न उघडून शेवटची ओळ कुणी वाचली नाही. दोघंही इंजिनिअर.

फ्रिस्कोला चार बेडरूमचं घर ४ लाख २० हजारांना घेतलं. फ्रीमाँटमध्ये तेवढं घर तेव्हा दहा लाखांच्या पुढे होतं, आणि आम्ही तिथे भाड्यानं राहायचो. आनंदाचं खरं कारण हेच होतं, टॅक्स नव्हे. मग पहिल्या पूर्ण वर्षाची घरपट्टी आली. शाळा, शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज, सगळ्यांचे दर मिळून दोन टक्क्यांच्या जरा वर, सूट वगैरे जाऊन ८ हजार ४००. मी आकडा दोनदा वाचला. कॅलिफोर्नियाच्या आयकराएवढाच.

इथे कुणी म्हणेल, घरपट्टी काय कॅलिफोर्नियातही असतेच. असते, पण तिची चाल वेगळी. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यानं तिथे मूळ दर एक टक्क्यावर बांधला, वर स्थानिक रोख्यांचं थोडं. आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. वीस वर्षांपूर्वी घर घेऊन बसलेला माणूस आज नव्यानं घर घेतलेल्या शेजाऱ्यापेक्षा बरंच कमी भरतो. टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी दर वर्षी घराची किंमत नव्यानं ठरते. राहत्या घराला 'होमस्टेड' ही सवलत लावून घेतली तर वाढ दहा टक्क्यांवर अडते आणि शाळेच्या करापुरती घराच्या किमतीतून ठरावीक रकमेची सूट मिळते. ती सूट २०२२ मध्ये ४० हजारांवर होती, २०२३ ला १ लाख झाली, २०२५ ला १ लाख ४० हजार. त्यामुळे अलीकडे इथे येणाऱ्यांना आमच्यापेक्षा बरं पडतं, हे कबूल. मात्र होमस्टेडचा अर्ज स्वतः करायचा असतो आणि लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो. आमच्या गल्लीत एक कुटुंब दोन वर्षं विसरलं होतं.

किंमत जास्त लावली तर 'प्रोटेस्ट' करता येतो, साधारण १५ मेपर्यंत. हा आमच्याकडचा वसंतोत्सव. २०२१ ला नोटीस आली ४ लाख ५५ हजारांची. मी गॅरेजच्या भिंतीला गेलेल्या तड्याचे फोटो काढले (इथली काळी चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, लोक पायाला पाणी घालतात, झाडाला घालावं तसं), दुरुस्तीचं कोटेशन जोडलं आणि ओळखीच्या एजंटबाईंकडून आसपासच्या विक्रीचे भाव मिळवले. ते मिळवावेच लागतात, कारण टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे सरकारदरबारी जाहीर करायचं बंधन नाही. फोनवर पंधरा मिनिटांची सुनावणी झाली आणि किंमत ४ लाख ४१ हजारांवर आली. वाचले पावणेतीनशे डॉलर. त्या रात्री आम्ही बाहेर जेवलो आणि त्यातले ऐंशी तिथेच गेले.

पण मला जे सांगायचंय ते २०२३ मध्ये कळलं. ऑगस्टात नवऱ्याची नोकरी गेली. आठ महिने एकाच पगारावर काढले. आयकराचं एक असतं, पगार थांबला की तोही थांबतो. पगार निम्मा झाला तर कर निम्म्याहूनही खाली येतो, कारण वरचे टप्पे आधी गळतात. घरपट्टीला तुमचा पगार माहीतच नसतो. आमच्या हप्त्यात एस्क्रोमधून (घराच्या हप्त्याबरोबर घरपट्टीचे पैसे बाजूला काढतात ते खातं) महिन्याला ६०० डॉलरहून जास्त नुसत्या घरपट्टीचे जात होते, आणि ते बिनबोभाट जातच राहिले. कॅलिफोर्निया आमच्याकडून चांगल्या दिवसांत घ्यायची. टेक्सास सगळ्याच दिवसांत घेतं. हा फरक कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही, म्हणून मी तो प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण म्हणतो, "हो हो, पण वाचतात किती?"

बाकीचं भरभर. विक्रीकर आमच्याकडे सव्वाआठ टक्के. टोलचं वेगळं बिल, गारांमुळे घराचा विमा महाग, जुलै-ऑगस्टची वीज विचारू नका. न्यू जर्सीकरांनो, तुमचं गणित निराळं आहे. तुमच्याकडे आयकर १९७६ मध्ये आला तोच मुळी घरपट्टी हलकी करायला, आणि २०२४ मध्ये तिथली सरासरी घरपट्टी १० हजार डॉलरच्या वर गेली! तुम्ही दोन्हीकडून भरता, तेव्हा तुमचा फायदा आमच्यापेक्षा खरा आहे. फक्त न्यूयॉर्कच्या कंपनीची नोकरी घरून करणार असाल तर जपून. कंपनीची गरज म्हणून नव्हे, तुमच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, तर न्यूयॉर्क ते दिवस आपल्याच राज्यात काम केल्याचे धरतं आणि कर लावतं, मग घर कुठेही असो. पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के दर ऐकून हुरळू नका, गावाचा कर वेगळा असतो आणि फिलाडेल्फियाचा तर राज्यापेक्षाही जास्त. सिअ‍ॅटलला जाणाऱ्या शेअरवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की वॉशिंग्टननं २०२२ पासून मोठ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर लावलाय, सुरुवातीला तो सात टक्के होता.

कंपनीचे शेअर मिळत असतील तर राज्य सोडलं की सुटलो असं नाही. ग्रँटपासून (शेअर देऊ केले तो दिवस) व्हेस्ट होईपर्यंतचे (ते खरोखर आपले होईपर्यंतचे) जेवढे दिवस कॅलिफोर्नियात काम केलं, तेवढा वाटा कॅलिफोर्निया मागतेच. आम्हाला तिचं पत्र इथल्या पत्त्यावर आलं, तेव्हा नवरा म्हणाला, "माहेरची माणसं विसरत नाहीत." निवृत्तीच्या पैशांना मात्र धोका नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार सोडून आलेलं राज्य तुमच्या ४०१-केवर हात ठेवू शकत नाही. म्हणून साठीच्या आसपासच्या मंडळींनी विचारलं की माझं उत्तर जरा बदलतं.

आणि ग्रीन कार्ड अडकलेलं असेल, तर टॅक्सच्या आधी वकिलाला फोन करा. लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची बहुतेकांची पहिली पायरी, ठरावीक जागेच्या नोकरीसाठी असतं. शहर बदललं तर ते पुन्हा करावं लागू शकतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसालाही नव्या शहरासाठी दुरुस्ती अर्ज लागतो. वर्षाचे आठ हजार वाचवायला रांगेतली घडी विस्कटू नका.

मग यावं का? भाड्यानं राहत असाल, दोघांचे पगार मोठे असतील आणि इथेही थोडे दिवस भाड्यानंच राहायची तयारी असेल तर या, फायदा स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियात जुनं घर असेल आणि मूल अकरावीत असेल तर मी येऊ नका म्हणेन. गेल्या वर्षी फ्रीमाँटच्या मैत्रिणीनं एक्सेलमध्ये सगळं मांडलं होतं, अगदी टोलसकट. मी विचारलं, "लेकीच्या कॉलेजची ओळ कुठंय?" राज्य सोडलं की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्यांची जादा फी लागते, वर्षाला ३० हजारांहून जास्त. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "अगं, मी इतके दिवस घर बघत होते तिकडे." ती गेली नाही कुठे. लेक आता त्याच युनिव्हर्सिटीत, डेव्हिसला आहे.

नवऱ्याला नोकरी लागली, आम्हीही गेलो नाही कुठे. गॅरेजचा तडा मात्र वीतभर वाढलाय. या वर्षीची नोटीस फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलीय, फोटो सकाळच्या उन्हात काढायचे आहेत, तिरप्या प्रकाशात तो मोठा दिसतो.