चाळिसाव्या पानापर्यंत

"आई, 'कंटाळा आला' असं लिहिलं तर चालेल?"

जेवताना लेकीचा प्रश्न. इथे इंग्लंडात मुलांच्या पुस्तकांना मिळणाऱ्या कार्नेगी पदकाच्या अंतिम यादीतली पुस्तकं शाळाशाळांतली मुलं वाचतात, अभिप्राय लिहितात. पदक १९३६ पासूनचं, परीक्षक ग्रंथपाल. पण मुलंही आपली वेगळी निवड करतात.

मी पटकन म्हणाले, "अगं, एवढं नावाजलेलं पुस्तक! चांगलं लिही ना काहीतरी."

वरणात भात कालवत ती शांतपणे म्हणाली, "मिसने खरं लिहायला सांगितलंय. कुठे कंटाळा आला, तेही."

तिने लिहिलं: चाळिसाव्या पानापर्यंत. पुढचं पांघरुणात, टॉर्च लावून.

आमच्या शाळेत 'सारांश' असायचा. दहा ओळी, फळ्यावरून उतरवलेल्या. आवडलं का, हे कुणी विचारल्याचं आठवतच नाही.

तुम्हाला विचारलं होतं का कुणी?