डी चं बटण गेलं की जोडाक्षरं जातात

इकडे जर्मनीत आल्यापासून माझं मराठी लिहिणं जे काही टिकलंय ते लॅपटॉपवरच, आणि त्याच लॅपटॉपचं डी चं बटण बसलं. इंग्लिशमधे एक अक्षर गाळलं तर वाचणारा सांभाळून घेतो हो, पण मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीवर, टाईप करते आणि तिथे डी वर अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह आहे, शिफ्ट धरून तेच दाबलं की अ. म्हणजे एका बटणापायी जवळजवळ सगळी जोडाक्षरं बंद, वर अजून, असं, अगं हेही बंद. बाबांना मेल लिहायला घेतली तर तुम्ही चं तुमही आणि तब्येत चं तबयेत व्हायला लागलं. असलं मोडकंतोडकं मराठी त्यांना पाठवायला मला अजिबात बरं वाटेना.

विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की ऑन-स्क्रीन कीबोर्ड येतो, एखाद्या ओळीपुरतं ठीक आहे पण प्रत्येक जोडाक्षराला माऊस धरायचा म्हणजे लिहायचा सूरच जातो. वर्डमधे अक्षराचा युनिकोड, म्हणजे त्याचा ठरलेला क्रमांक, टाकून ऑल्ट-एक्स दाबायची सोय आहे, पण पाय मोडायच्या चिन्हाचा कोड ०९४ आणि पुढे डी, झालं, परत तेच बटण!

मग सापडलेली युक्ती मात्र खरंच कामाची आहे. इनस्क्रिप्टमधे शिफ्ट-३ वर प्र मधला तो जोडलेला र असतो, म्हणजे पाय मोडणं आणि र दोन्ही एकदम उमटतं. त्यावर एकदाच बॅकस्पेस मारायचा, नुसता र जातो आणि मोडलेला पाय तसाच राहतो. तब्येत लिहायचं तर त, ब, मग शिफ्ट-३, स्क्रीनवर तब्र दिसेल, बॅकस्पेस, आता तब् उरलं, पुढे य, मात्रा, त. रफार शिफ्ट-४ वर आहेच, आणि ज्ञ, त्र, क्ष, श्र शिफ्ट धरून ५ ते ८ वर, त्यांना डी लागतच नाही. अ तेवढा कुठूनतरी कॉपी करून ठेवायचा.

रोजचंच लिहिणं असेल तर पॉवरटॉईज हे मायक्रोसॉफ्टचं फुकट सॉफ्टवेअर घालून कॅप्स लॉकला डी चं काम द्या, तसंही कॅप्स लॉक कोण वापरतं. फक्त लॉगिनच्या स्क्रीनवर ते चालत नाही, तेव्हा पासवर्डमधे डी असेल तर तिथल्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडायचा.

आणि बाहेरचा यूएसबी कीबोर्ड घ्यायला इकडच्यांनी घाबरू नका, जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड ची अदलाबदल असते खरी, पण इनस्क्रिप्ट बटणाच्या जागेवर चालतं, त्यावर काय छापलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ब झेड लिहिलेल्या बटणावर मिळतो इतकंच, बोटं आपली नेहमीच्याच जागी जातात.