गोफणीने फेकलेलं विमान

गेल्या रविवारी शेजारच्या बाई मला रिओहून पेट्रोपोलिसला घेऊन गेल्या, सांतोस द्युमाँचं १९१८ सालचं घर दाखवायला. ब्राझीलमध्ये विमानाचा जनक मानतात तो यालाच, राइट बंधूंना नव्हे. जिना इतका चढा, की प्रत्येक पायरी आळीपाळीने अर्धी कापलेली. पहिल्या पायरीवर उजवाच पाय टाकावा लागतो. माप ओलांडणाऱ्या नवरीसारखी मी वर गेले. घरात स्वयंपाकघर नाही. जेवण हॉटेलातून यायचं.

वर गेल्यावर मी राइट बंधूंचं नाव काढलं. बाई लगेच म्हणाल्या, "त्यांचं विमान गोफणीने फेकलेलं!"

हे वाक्य इथे टॅक्सीवाल्यापासून ऑफिसातल्या इंजिनियरपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. वजन खाली सोडून विमानाला रेटा द्यायची युक्ती राइट बंधूंनी वापरली ती सप्टेंबर १९०४ पासून, अमेरिकेतल्या ओहायोत. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूत होता फक्त एक लाकडी रूळ आणि समोरून सोसाट्याचा वारा. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशीचं शेवटचं ५९ सेकंद, ८५२ फूट. ऑक्टोबर १९०५ मध्ये तर ३९ मिनिटं हवेत, २४ मैल! द्युमाँचं विमान पॅरिसला त्यानंतर वर्षभराने उडालं, तेही साठेक मीटर.

बाईंचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. द्युमाँ चाकांवर धावत, भर गर्दीसमोर उडाला. १२ नोव्हेंबर १९०६ ला २२० मीटर, आणि मोजायला फ्रान्सच्या एरो क्लबची माणसं हजर. पेटंटच्या काळजीने राइट बंधूंनी आपलं विमान १९०८ पर्यंत युरोपला उडवून दाखवलंच नाही. मग युरोपने कशावर विश्वास ठेवायचा?

मला राहवेना. म्हटलं, "आमच्या मुंबईत शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ सालीच चौपाटीवर विमान उडवलं!" लहानपणापासून आजीकडून ऐकलेलं.

बाई हसल्या नाहीत. "किती मीटर? मोजलं कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काळातला भक्कम पुरावा कुणीच पुढे आणलेला नाही. प्राचीन ग्रंथ म्हणून ज्या वैमानिकशास्त्राचा दाखला देतात, ते पुस्तक विसाव्या शतकातलं, आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दाखवून दिलंय. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तळपद्यांचं नाव घेतल्याचा मला पस्तावा नाही. इंग्रजी अमलातल्या मुंबईत एका मराठी माणसाने विमानाचा ध्यास घेतला, हे परक्या देशात मी नाही सांगायचं तर कुणी? त्यांच्या यंत्राचं एखादं चाक जरी या घरासारखं जपलेलं दाखवता आलं असतं, तर माझी मान वर राहिली असती.

रात्री आईला फोन लावला. आजीला हे कुणी सांगितलं?

"तिच्या वडिलांनी," आई म्हणाली. "पण ते स्वतः त्या दिवशी चौपाटीवर होते का, हे कधी विचारलंच नाही गं."