हात वर जायला किती दिवस लागले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं स्तनाचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, पण ओळखीत कुणाचं ठरलं की फोन येतो, "काकू, पूर्वीसारखं व्हायला किती दिवस लागले?"

हाताचं सांगता येतं. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, म्हणून घरी आले ती जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी घेऊनच. रोज सकाळी हे त्यातलं पाणी मोजून वहीत आकडा लिहायचे. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं, तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली. मग भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम. हात पोचेल तिथे लेक पेन्सिलीने रेघ मारायची, लहानपणी मी तिची उंची मोजायचे तशी. पहिली रेघ जेमतेम खांद्याएवढी. दोन महिन्यांनी दाराच्या वरच्या कडीला हात लागला.

भाकरी त्याआधीच थापून बघितली होती. परातीत फिरेना, कडा चिरल्या. सासूबाईंनी तश्शीच तव्यावर टाकली आणि शेंगाचटणीबरोबर स्वतः खाल्ली. काही बोलल्या नाहीत.

दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे. त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत. सूज वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

मनाचं मात्र दिवसांत सांगता येत नाही. न्हाणीतल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. घरात सगळे जपून बोलायचे, येणारे-जाणारे भाजीपाल्याचं, उन्हाचं बोलून उठायचे. गर्दीत पदर त्या बाजूला आपोआप ओढला जायचा. संक्रांतीची आमची सोलापूरची गड्ड्याची जत्रा आली तरी त्या वर्षी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेले नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी ब्लाउज शिवायचा होता. गल्लीतल्या शिवणवालीने टेप हातात घेतली आणि विचारलं, "कुठली बाजू, काकू? आतून खिसा लावते, पॅड सरकणार नाही." इतक्या महिन्यांत इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात न रडलेली मी तिच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून रडले. तिने पाणी दिलं आणि माप घेतलं.

टॉवेल त्याच संध्याकाळी काढला. व्रण बघितला, बोट फिरवलं.

तुमच्या बहिणीचं ऑपरेशन सोमवारी आहे म्हणालात. पुढून बटणं असलेले दोन सैल गाऊन आधीच घेऊन ठेवा, हात वर करायला नको. आणि तिला माझा नंबर द्या. दुपारी तीननंतर मी घरीच असते.