सातव्या दिवशी प्लेट फेकू नका

काल रात्री साडेनऊला लॅबमधल्या पेशींचं मीडियम (त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव) बदलून घरी आले आणि आईला फोन लावला तर तिचा पहिला प्रश्न, "आज किती गोळे उगवले गं?" म्हटलं दोन. "औषधवाल्यातले का नुसत्या शेकाच्यातले?" शेक म्हणजे रेडिएशन, महिनाभर रोज ऐकून तिला आता सगळं पाठ झालंय. हाच प्रश्न आम्ही लॅबमध्ये आधीच विचारायला हवा होता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

हे गोळे म्हणजे कॅन्सरच्या पेशींचे स्फेरॉइड. पेशी सपाट डिशमध्ये वाढवल्या की चटईसारख्या पसरतात, प्रत्येकीला ऑक्सिजन, साखर, औषध सगळं सारखंच मिळतं, आणि माणसाच्या अंगातली गाठ तर अशी कधीच नसते. म्हणून तळाला पेशी चिकटणारच नाहीत अशा गोल बुडाच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) हजार-दीड हजार पेशी सोडायच्या, मग त्या एकमेकींना धरतात आणि चौथ्या दिवशी साधारण 400 मायक्रॉनचा, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याच्या निम्म्याहून लहान गोळा तयार होतो. कॅनडात रॉबर्ट सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये हॅमस्टरच्या फुफ्फुसाच्या पेशींचे असे गोळे ट्यूमरचं मॉडेल म्हणून मांडले, तिथपासून रेडिएशनवाले ते वापरतायत. कारण बाहेरच्या थरातल्या पेशी भराभर वाढतात, आतल्या सुस्त होतात, आणि गोळा 500 मायक्रॉनच्या पुढे गेला की मधल्या पेशी मरायलाच लागतात कारण ऑक्सिजन तिथपर्यंत पोचत नाही. आणि रेडिएशनला ऑक्सिजन हवाच, तो नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. सपाट डिशमध्ये हे दिसणारच नाही.

आम्ही वापरतो ती फाडू नावाची सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी), 1968 मध्ये एका भारतीय रुग्णाच्या घशाच्या गाठीतून घेतलेली, आज जगभरच्या लॅबमध्ये आहे. मला त्या माणसाची आठवण येते खरंच, ओळख ना पाळख तरी. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्यानं तोंडाघशाचे किती पेशंट आहेत हे कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर बसलं तरी कळतं, आणि गाठ पुढे गेलेली असेल तर त्यांना नेहमीची ट्रीटमेंट म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज 2 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) असे सात आठवडे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. दोन्ही एकत्र का, कुठलं आधी, किती, हे आम्ही गोळ्यांवर बघत होतो.

आता चूक सांगते. पहिल्या राउंडला आम्ही सातव्या दिवशी एटीपीचं (पेशी ऊर्जेसाठी बनवतात त्या रेणूचं) रीडिंग घेतलं, किती पेशी जिवंत आहेत ते त्यावरून कळतं. नुसतं रेडिएशन आणि रेडिएशन अधिक सिस्प्लॅटिन, दोन्हीचे आकडे जवळजवळ सारखे! मीटिंगमध्ये मी सांगूनही टाकलं की गोळ्यांमध्ये औषधाचा वेगळा फायदा दिसत नाही. त्याच राउंडची एक जादाची प्लेट फक्त फोटोंसाठी ठेवली होती, तिचं मीडियम बदलत राहिले, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नुसत्या रेडिएशनवाल्या वेलमधून गोळे परत वाढायला लागले, एकेक करत, आणि औषधवाल्या बऱ्याच वेल गप्प.

कारण समजून घेतलं की साधं आहे. रेडिएशन दिलेली पेशी लगेच मरत नाही, तिचा डीएनए तुटलेला असतो पण ती खाते-पिते, एटीपी बनवते, एखाद-दोनदा विभागतेसुद्धा, आणि मग विभागतानाच कोलमडते. जिवंत असणं वेगळं आणि पुढे वंश वाढवता येणं वेगळं, पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी 1956 मध्येच एकेका पेशीपासून वसाहत होते का ते मोजून रेडिएशनचा परिणाम दाखवला होता. गोळ्यात हजारो पेशी, त्यातली एक जरी धड उरली तरी गोळा परत उभा राहू शकतो. म्हणून रेडिएशनवाल्या काही लॅब वेगळंच मोजतात, किती ग्रेला निम्मे गोळे कायमचे थांबले, आणि त्यासाठी साठ-साठ दिवस थांबतात. औषध जोडल्यावर तो आकडा किती खाली आला तेवढंच खरं उत्तर. पेशंटचंही बघा ना, डोक्या-मानेच्या कॅन्सरला केमोरेडिएशन संपल्यावर पेट (PET) स्कॅन, म्हणजे जिवंत गाठ उरलीय का बघायचा स्कॅन, साधारण बारा आठवड्यांनी करतात, घाई केली तर चुकीचंच दिसायची शक्यता असते.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. मेलेल्या पेशी सुटून गोळा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, त्यात खरा गाभा शोधायचा. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं म्हणून तिथे पेशी न घालता नुसतं बफर (क्षारांचं पाणी) भरायचं, 96 मधल्या 60 वेलच कामाच्या. मीडियम बदलताना गोळाच ओढला जाऊ नये म्हणून अर्धंच काढायचं, पण मग औषध धुवून काढायचं असेल तर तीन वेळा अर्धं-अर्धं बदललं तरी आठवा हिस्सा आत उरतोच, हे लिहून ठेवा नाहीतर तास-दोन तासांचा डोस म्हणाल आणि प्रत्यक्षात तो रात्रभर चालू असेल. आणि कृपा करून सिस्प्लॅटिन डीएमएसओत (लॅबमध्ये औषधं विरघळवायला नेहमी वापरतात त्या द्रवात) विरघळवू नका, डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतं आणि औषधाचा जोर जातो, सलाइनमध्येच करा. बाकी सगळ्या औषधांच्या सवयीनं हात तिकडेच जातो.

डोसचा प्रश्नही छोटा नाही. टाटा मेमोरियलच्या 300 पेशंटच्या ट्रायलमध्ये, 2018 ला छापलेली, दर आठवड्याला 30 मिलिग्रॅम आणि दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम अशी तुलना होती (हा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला), दोन वर्षांनी गाठ जागेवर आटोक्यात असलेले अनुक्रमे 58.5 टक्के आणि 73.1 टक्के. औषध तेच, रेडिएशनची जोडही तीच, फक्त द्यायची रीत आणि एकूण डोस वेगळा, आणि एवढा फरक. म्हणून गोळ्यांवर आम्ही एकदाच जोरात आणि थोडं-थोडं असे दोन्ही गट लावलेत, चालू प्लेट त्याचीच आहे, आज दिवस 33.

ज्यांच्या किडनीला किंवा कानाला सिस्प्लॅटिन झेपत नाही त्यांच्यासाठी टाटाच्याच लोकांनी 2023 मध्ये डोसिटॅक्सेल रेडिएशनसोबत देऊन दाखवलं, 356 पेशंट, दोन वर्षं आजार परत न आलेले नुसत्या रेडिएशनच्या 30.3 वरून 42 टक्क्यांवर. पुढचा राउंड त्याचा. रेणू मोठा आहे, आतल्या थरापर्यंत शिरायला वेळ लागणार, तर रेडिएशनच्या किती तास आधी द्यायचं हे आधी ठरवावं लागेल. ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला डीएमएसओ चालतं, म्हणजे कंट्रोल वेल (औषध नसलेल्या, फक्त डीएमएसओच्या, तुलनेसाठी) वेगळ्या लावायला लागतील. शनिवारी पेशी सोडतेय, साठ दिवसांची तारीख आईनं आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.